ठरलेली जागा

एका दुपारात माणसाने तेच ते दोन दगडी सिंह किती वेळा बघावेत याला काही सुमार असतो. डावीकडच्या सिंहाचं नाक फुटलंय. उजवीकडच्याच्या तोंडातून पाणी येतं, पण ते धड खाली न पडता त्याच्याच हनुवटीवरून ओघळतं. आणि दोघांच्या मधल्या कट्ट्यावर, काठीवर दोन्ही हात ठेवून, माझा मामा बसला होता. त्याचं म्हणणं, ठरलेली जागा हीच. बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, काचघराच्या दारात, माझी आई उभी होती. तिचं म्हणणं, ठरलेली जागा ती. आणि मी बावळट, नव्या बुटांनी टाचा सोलून घेत, या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होते.

ही आमच्या शहरातली सगळ्यात जुनी बाग. बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात. लाकडी घोड्यांचं चक्र आहे, होड्यांचं तळं आहे, फुलांचं घड्याळ आहे, झुडपं छाटून केलेला भुलभुलैया आहे, लांबलांबच्या देशांतली झाडं जपणारं काचघर आहे. मी सगळ्याची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. आधी घोडे, मग होडी, मग काचघर, मग तळ्याकाठी चहा, असा बेत होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तसं माझं झालं, फरक इतकाच की इथे घोडी मी स्वतःच विकत घेतली होती.

बेतामागचं कारण असं, की मामा दोन दिवसांनी कायमचा लेकीकडे चालला होता, समुद्रापलीकडे. घर विकून झालं होतं, भांडी वाटून झाली होती. गुडघे असे, वय असं, तो परत येईल असं कुणी धरून चाललं नव्हतं, तो तर मुळीच नाही. आणि माझी आई, त्याची सख्खी थोरली बहीण, त्याच्याशी सहा वर्षं एक अक्षर बोलली नव्हती.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. इथे भांडणच नव्हतं. आजोबा गेले, तेराव्याला जमलेले लोक आपापल्या घरी पांगले, आणि मग आई वाट बघत बसली की धाकट्याने यावं. मामा वाट बघत बसला की थोरलीने बोलवावं. धाकट्याने यायचं असतं, थोरल्याने बोलवायचं असतं, दोन्ही गोष्टी आमच्या घरात खऱ्याच मानल्या जातात. त्यामुळे दोघंही बरोबर होते आणि सहा वर्षं घरात बसून होते. त्यातही आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. जन्मभर हिने परक्यांची बोलणी जोडून दिली, आणि भावाचा नंबर मी तिच्या फोनमध्ये घालून दिलेला होता त्याला कधी बोट लावलं नाही.

मी दातांच्या कवळ्या बनवते. वरची कवळी आणि खालची कवळी एकमेकींवर नीट बसेपर्यंत घासत राहायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मला वाटलं होतं, ही दोघंही बसवता येतील. माणसाला स्वतःच्या कामाचा नको तिथे गर्व होतो.

सुरुवात मामानेच केली होती. जायच्या आधी ती बाग एकदा बघायची आहे म्हणाला, घोडे अजून आहेत का गं, होड्या आहेत का. मी हे आईच्या कानावर घातलं, सहज घातल्यासारखं. दोन दिवसांनी मटार सोलता सोलता ती म्हणाली, मीही बाग बघून किती वर्षं झाली. कुणी कुणाचं नाव काढलं नाही. दोघांना फक्त बाग बघायची होती. मीही झाकली मूठ झाकलेलीच ठेवली आणि दोघांना वेगवेगळा निरोप दिला, की रविवारी जेवणं झाली की ठरलेल्या जागी भेटू.

नेमकी तिथेच माशी शिंकली. ठरलेली जागा हा आमच्या घरातला शब्द. लहानपणी आजोबा या दोघांना बागेत आणायचे, मोकळं सोडायचे आणि स्वतः बाकावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपायचे. सोडण्याआधी एक जागा ठरवून द्यायचे आणि बजावायचे, चुकामूक झाली तर या जागी यायचं आणि मग हलायचं नाही. हरवलेल्याने हलायचं नाही, शोधणाऱ्याने यायचं. एका रविवारी दोघांची चुकामूक झालीही. आईच्या गोष्टीत बाळ्या हरवला होता आणि ती शहाण्यासारखी ठरलेल्या जागी उभी होती. मामाच्या गोष्टीत ताई हरवली होती आणि शहाणा तो होता. या दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकल्या होत्या, की ती जागा कोणती हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

आई माझ्याबरोबर येणार होती, पण सकाळी फोन करून म्हणाली, मी माझी जाईन. मी फाटकातून आत शिरते तोच तिचा फोन. काचघरापाशी पोचलेय, आणि तो कुठे आहे हे मी विचारत नाहीये. ठेवला. लगेच मामाचा. सिंहांपाशी बसलोय, सावकाश ये, माझी काही घाई नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर ते गेलं कुठे कोण जाणे.

काचघर दुरुस्तीसाठी बंद होतं. भोवती हिरवी जाळी, दाराला साखळी, आणि त्या साखळीला पाठ टेकून आई. ठेवणीतला कोट, केस नीट बसवलेले, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. नट्टापट्टा कुणासाठी ते कळायला मला चष्म्याची गरज नव्हती. मी म्हटलं, चल, मामा सिंहांपाशी आहे, इथून सरळ रस्ता आहे. ती म्हणाली, सिंहांपाशी कशाला, ठरलेली जागा ही आहे.

"अगं पण तो तिथे आहे ना," मी म्हटलं. "मला माहीत आहे तो कुठे आहे. कुणी हरवलेलं नाहीये."

"तुला माहीत आहे," आई म्हणाली. "त्याला माहीत आहे का?"

वर आणि मलाच समजावलं, की मी हलले आणि तेवढ्यात तो इकडे आला तर पुन्हा चुकामूक व्हायची. धाकट्याने यायचं. मी हात टेकले आणि सिंहांकडे निघाले.

सरळ रस्ता म्हटलं होतं मी, पण ती बाग सरळ चालू देईल तर ना. सुट्टीचा दिवस असल्याने पायवाटा एकदिशा केल्या होत्या. सिंहांकडे जाणारा बाण आधी तळ्याकडे नेत होता, तळ्याकडून घोड्यांकडे, आणि घोड्यांची रांग वाट अडवून उभी. रांगेतून आडवं जायला लागले तर एक आजी म्हणाल्या, मध्ये घुसू नका. फुलांच्या घड्याळापाशी माहिती सांगणारा एक जण हातात झेंडी धरून पाहुण्यांच्या घोळक्याला घड्याळ कसं चालतं ते सांगत होता, आणि अख्खा घोळका वाटेवर पसरलेला. ते घड्याळ पुढे होतं की मागे मला ठाऊक नाही. मला ते सारखं पुढेच जाताना दिसत होतं.

मामा जन्मभर बस चालवत होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि काठीने जमिनीवर दोनदा ठोकलं.

"थांबा हलत नाही, ठके," तो म्हणाला. "प्रवाशाने यावं लागतं."

ठकी म्हणजे मी. चाळिशी उलटली तरी या दोघांना माझं खरं नाव आठवत नाही. मी म्हटलं, मामा, तुझी टॅक्सी बाग बंद व्हायच्या वेळेला येणार, उद्या दिवसभर तू सामान बांधणार, मग कधी भेटणार तू तिला. तो म्हणाला, तिने बोलवू दे, एका शब्दाने बोलवू दे, असा उठतो. मग मी सरळ खोटं बोलले. तिनेच पाठवलंय म्हटलं, बाळ्याला म्हणावं ये, असं म्हणाली. त्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. मग तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ताई असं बोलत नाही, ती म्हणाली असती, त्याला उठायला सांग. एवढं ओळखतोस तिला, तर जा की उठून, असं मी ओरडले. सिंहांपाशी फोटो काढणारं एक जोडपं दचकून बाजूला झालं.

मी तिथूनच आईला फोन लावला आणि तो मामाच्या हातात कोंबला. त्याने तो गरम तवा हातात आल्यासारखा परत दिला. "हा तू लावलास," तो म्हणाला. "तिने लावलेला नाही." हे सगळं पलीकडे ऐकू गेलं असणार, कारण आईने फोन ठेवून दिला. मी परत लावला तर उचलला नाही.

पुन्हा काचघर. पुन्हा सिंह. दोन्हीकडे उत्तर एकच, फक्त तोंडं वेगळी. मधल्या वेळात होडीची वेळ टळली, तळ्यावरच्या माणसाने तिकीट बघून मान हलवली. घोड्यांचा शेवटचा फेरा चुकला. जे दाखवायला दोघांना आणलं होतं ते सगळं मीच पुन्हापुन्हा बघत होते. आईला पाणी नेऊन दिलं, मामाला गुडघ्यांखाली घ्यायला माझी ओढणी घडी करून दिली. दोघांनीही तो दुसरा कसा दिसतोय हे विचारलं. आईने विचारलं, वाळलाय का. मामाने विचारलं, तिचे पाय सुजत होते ते आता कसे आहेत. आणि मी सांगितलं की जाऊन बघ, तर दोघांनी तोंडं फिरवली.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला मी फुलांच्या घड्याळाजवळ गवतावर बसकण मारली. बूट काढले. टाचेला रक्त आलं होतं. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. मला पुढचं सगळं दिसत होतं. मामा जाणार. दोन-चार वर्षांनी कधीतरी तिकडून फोन येणार, तो मला येणार, आणि मी आईकडे जाऊन तिला सांगणार. आणि आई तेव्हाही म्हणणार की त्याने यायला हवं होतं. ज्या मामाने मला बसच्या पुढच्या सीटवर बसवून सगळं शहर दाखवलं, त्याच्याबद्दल मला तेव्हा तिची समजूत काढावी लागणार. मी मनातल्या मनात दोघांना इतक्या शिव्या दिल्या, की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

तेवढ्यात बँडस्टँडवरचा भोंगा खरखरला. पिवळी टोपी घातलेलं एक मूल सापडलंय, पालकांनी कार्यालयात यावं. मी बूट हातात घेतले आणि अनवाणीच निघाले.

बँडस्टँडमागच्या खोलीत एक बाई बसली होती. तिच्यापुढे चहा, मागे फळीवर विसरलेल्या छत्र्या आणि एक एकटा हातमोजा. पिवळ्या टोपीवाल्याला नुकतंच कुणी घेऊन गेलं होतं. मी सांगितलं की आई आणि मामाला इथे बोलवायचंय. ती म्हणाली, भोंगा कुणाला बोलवायला नाही, फक्त हरवलेल्यांसाठी आहे, नाहीतर लोक नवऱ्यांना हाका मारत बसतील. त्यातला कोण हरवलाय? मी म्हटलं, कुणीच नाही, दोघांना आपण कुठे आहोत ते पक्कं माहीत आहे, तीच तर अडचण आहे. मग माझ्या लक्षात आलं.

"मी हरवलेय," मी म्हटलं.

तिने मला वरून खाली बघितलं, सोललेल्या टाचांपाशी थांबली. "पण तुम्ही तर इथे आहात."

"हरवलेली माणसं इथेच बसवता ना?"

तिने चहाचा घोट घेतला. आई-मामा किती वर्षांचे, असं तिने विचारलं, मी सांगितलं. ते किती वेळ बोलत नाहीत, असं विचारलं, तेही सांगितलं. मग ती म्हणाली, बसा, मात्र नियम आहे, न्यायला कुणी येईपर्यंत इथून उठायचं नाही. आणि तिने बटण दाबलं.

"लक्ष द्या. ठकी नावाची मुलगी हरवली आहे. अंगात निळा कोट, पाय अनवाणी, टाचेला लागलं आहे. मुलगी बँडस्टँडमागच्या कार्यालयात बसली असून आपल्या आईची आणि मामाची वाट बघते आहे. ती जागची हलणार नाही." बटण सोडून ती मला म्हणाली, वय मी सांगितलं नाही, वय सांगितलं की कुणी येत नाही.

बाकडं लहान मुलांच्या मापाचं होतं, माझे गुडघे हनुवटीपर्यंत आले. दुपारभर मी पळत होते तेव्हा मला फक्त राग येत होता. तिथे बसले आणि भीती वाटायला लागली. एकही जण आला नाही तर? दोघांनी भोंगा ऐकून मान डोलावली असेल, की दुसरा जाईलच, आपण जागा कशाला सोडा? दाराकडे बघून बघून माझी मान दुखली. दोनदा मी उठायला लागले आणि दोनदा त्या बाईने नुसती भुवई वर केली.

आई आधी आली. केस सुटलेले, बुटांना चिखल, म्हणजे चालायला मनाई असलेल्या हिरवळीवरून सरळ कापत आली होती. मी तिची चाळिशी उलटलेली लेक आहे हे तिला माहीत होतं, हा माझा कांगावा आहे हेही माहीत असणार, पण तिचा चेहरा खरा घाबरलेला होता. तिने खाली वाकून आधी माझी टाच बघितली. ती बघत असतानाच दारात मामा उभा राहिला. धापा टाकत होता. काठी काखेत होती. दिवसभर गुडघ्यांची तक्रार करणारा माणूस काठी काखेत मारून धावत आला होता.

"हिला लहानपणापासून अक्कल नाही," मामा दारातूनच म्हणाला. "नवे बूट घालून कुणी बागेत येतं का?"

"तूच लाडावून ठेवलीस," आई माझी टाच न सोडता म्हणाली.

सहा वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. मामा म्हणाला, मी लाडावली? तापात असताना तिला आइस्क्रीम कुणी दिलं होतं? आई म्हणाली, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं, शेजारणीने सांगितलं होतं. मग दोघं मिळून मला बोलायला लागले, अशी माणसं भोंग्यावरून घाबरवायची असतात का, लोकांसमोर काही लाज, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. मी मान खाली घालून ऐकत राहिले. इतकी बोलणी खाऊन मला जन्मात कधी बरं वाटलं नव्हतं. भोंगावाल्या बाईने विचारलं, मुलीला कोण नेणार, आणि दोघं एकदमच म्हणाले, मी.

आणि तेवढ्यात बाग बंद व्हायची घंटा झाली.

मला ती घंटा उपटून फेकावीशी वाटली. अख्खी दुपार दोघांनी उभं राहून, बसून घालवली होती, आणि त्यांच्या वाट्याला उरलं काय, तर कार्यालयापासून मोठ्या फाटकापर्यंतची वाट. घोड्यांवर ताडपत्री चढत होती. होड्या एकीला एक बांधल्या जात होत्या. आई मुद्दाम हळू चालत होती, मामाने तर काठी पुन्हा टेकायला काढली होती. मी अनवाणी मागून. दोघांचा वाद चालू होता, की ठरलेली जागा कोणती. आई म्हणाली, त्या दिवशी बाबांना मी काचघरापाशी सापडले. मामा म्हणाला, बाबा मला सिंहांपाशी न्यायला आले. असे दोघं बोलत बोलत घड्याळापर्यंत आले, आणि तिथे मामा थांबला.

"ताई, बाबा आले नव्हते," तो म्हणाला. "ते झोपलेले होते. आपणच दोघांनी येऊन त्यांना उठवलं."

आई म्हणाली, हो, वर्तमानपत्र ओढलं मी त्यांच्या तोंडावरून. मग आपण एकमेकांना सापडलो कसे? मामाला आठवेना. आईलाही आठवेना.

"कुणीतरी हललं असणार," मामा म्हणाला.

टॅक्सी फाटकाशी उभी होती. मामाने माझ्या डोक्यावर टपली मारली, ओढणी परत दिली. आईने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली आणि वाळलाच आहेस म्हणाली. मग म्हणाली, पोचलास की फोन कर. मामा टॅक्सीत बसत बसत म्हणाला, तू कर, थोरली तू. आई म्हणाली, प्रवास तू करणार, मग कळवायचं कुणी? मी दात-ओठ खात बाजूला उभी होते. मला दिसत होतं, हे पुन्हा सुरू झालं, आणि आता मध्ये समुद्र. दार लागलं. टॅक्सी निघाली आणि कोपऱ्यावरच्या लाल दिव्याला थांबली.

आईने पर्स उघडली. चष्मा काढून लावला, फोन काढला, आणि जो नंबर मी घालून दिला होता त्यावर बोट ठेवलं. ताठ उभी राहून फोन कानाला लावला, एक्स्चेंजमध्ये बसायची तशी. पुढे टॅक्सीच्या मागच्या काचेतून मामाचं डोकं खाली वाकलेलं दिसलं, खिसे चाचपत असावा. दिवा हिरवा झाला. टॅक्सी हलली. मग तिला तिकडून आवाज आला असावा, कारण ती नोकरीतल्या जुन्या, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"मी बोलतेय. पोचलास का?"